चित्रामागचं टिंब

हेमंत,

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तू गेल्याची सूचना मी आपल्या बातम्यांच्या साइटवर टाकली. काळी चौकट, वर तुझा फोटो, खाली नाव, गाव गास, अंत्ययात्रा सकाळी अकरा वाजता राहत्या घरून. मजकूर तीनदा तपासला. नावात चूक नव्हती, वेळेत नव्हती. मग फोटो आणि मजकूर एकत्र करून त्याचं एक चित्र बनवलं आणि चढवलं. वसईत शोकसूचना अशीच निघते. चित्र असलं की ते फोनवरून फोनवर फिरतं आणि अर्ध्या तासात निर्मळपासून अर्नाळ्यापर्यंत पोचतं.

अकरा वाजता तुझ्या वाडीच्या तोंडाशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या उभ्या होत्या. तुझ्या जुन्या कंपनीतले चौघे आले होते. तू ज्या अंध माणसांना फोन वापरायला शिकवलंस त्यांच्यातले नालासोपाऱ्याचे दोघे काठी टेकत आले होते, त्यांना शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. कळंबच्या जयवंतीताई आल्या नव्हत्या. मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

जयवंतीताईंना तू ‘माझी खरी संपादक’ म्हणायचास, मला चिडवायला. चाळिशीत त्यांची दृष्टी गेली. तरी किनाऱ्याजवळच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देण्याचं सगळं काम त्या फोनवर एकट्या बघतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय फोनमध्ये असते, ती त्यांना तू शिकवलीस. साइटवर काहीही नवं केलंस की आधी त्यांना ऐकवायचास, मग मला दाखवायचास.

बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला.

“साहेब, हेमंतभाऊ गेले?”

“हो ताई. काल.”

“मला आत्ता मासळीवालीनं सांगितलं. तुमच्या साइटवर नव्हतं?”

“होतं.”

“मी काल सकाळपासून लावून बसलेले. नुसतं इमेज बोलत होतं. इमेज, आनि पुढं काय नाय.”

मी म्हणालो, “काल साइटमध्ये काहीतरी बिघाड झाला होता.”

“भाऊंच्या साइटमधे?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

साइटमध्ये काहीही बिघाड झाला नव्हता. तू बांधलेली प्रत्येक गोष्ट त्या दिवशी तुझ्या नियमाप्रमाणे चालू होती. खोटं मी बोललो, आणि ते तुझ्या कामाच्या नावावर टाकलं.

छापील साप्ताहिक बंद करून साइट काढायचं ठरलं तेव्हा तू आपण होऊन कोर्टाजवळच्या आपल्या ऑफिसच्या खोलीत आलास. अंधेरीच्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या साइट बांधायचास. “तिकडे आंधळ्या माणसाला वाचता आलं नाही तर कायदा आहे, म्हणून आम्ही करतो,” म्हणालास. “इथे कुणी विचारत नाही. म्हणून इथे करू या.” मी हे वाक्य वहीत टिपून घेतलं होतं, मथळ्याला बरं म्हणून. तुला ते आवडलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तू माझा माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवलास आणि ड्रॉवरपुढे खुर्ची घेऊन बसलास.

“आता आपलीच पहिली बातमी वाचून दाखव.”

बातमीवर एका जाहिरातदाराच्या दिवाळीच्या शुभेच्छांची चौकट पसरली होती. मी कीबोर्डवरची कळ दाबत गेलो. शुभेच्छा, फोन नंबर, पत्ता, पुन्हा शुभेच्छा. अकरा वेळा दाबली. बातमी मागे दिसत होती आणि तिथे जाता येत नव्हतं.

“बाहेर कसं पडायचं?”

“नाही पडता येत. आमच्या कामात याला सापळा म्हणतात. माउसवाल्याला कोपऱ्यातली फुली दिसते. बाकीचे फिरत बसतात.”

“मग ते करतात काय?”

“फोन खाली ठेवतात,” म्हणालास. “आणि घरातल्या कुणाला तरी विचारतात. रोज. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कोण गेलं. तू एक दिवस विचारून बघ तुझ्या घरात सगळं.”

त्याच दुपारी तू ती चौकट एका कळीने बंद होईल अशी केलीस. जाहिरातदाराला कळलंही नाही.

चित्रांवरून मात्र आपलं जुळलं नाही. आपल्याकडे येतं ते सगळं चित्र होऊनच येतं. पाण्याची नोटीस म्हणजे कागदाचा वाकडा फोटो. वाढदिवस, दहावा, तेरावा, जत्रा, रक्तदान, सगळ्यांची रंगीत चित्रं. वाचून दाखवणाऱ्या फोनला चित्रातली अक्षरं दिसतीलच असं नाही. म्हणून चित्र चढवताना तू एक रकाना ठेवलास, ‘चित्राचं वर्णन’. तो साइटवर डोळ्यांना दिसत नाही, फोन तो वाचतो. आणि तो भरल्याशिवाय चित्र पुढे जात नाही अशी तजवीज केलीस.

“हेमंत, दिवसाला पंधरा चित्रं येतात. प्रत्येकावर निबंध लिहू?”

“निबंध नको, ओळ लिही. वीस वर्षं डेस्कवर ओळीच लिहिल्यास ना?”

“घाईच्या वेळी तरी रिकामा चालू दे.”

“नाही चालणार. घाई तुला नसते, संपादक. घाई तिला असते जिला पाणी यायच्या आत भांडी मांडायचीत.”

मी म्हणायचो, बातमी छापणं माझं काम, पोचवणं वाटपवाल्याचं. तू म्हणायचास, पोचली नाही तर छापली असं म्हणूच नये. दोघंही आपापल्या जागी पक्के होतो. दर दोन-तीन महिन्यांनी हा वाद निघायचा आणि तिथेच थांबायचा. शेवटचा कधी निघाला ते मला आठवत नाही.

रकान्याला रिकामं चालत नाही पण टिंब चालतं, हे मला तिसऱ्या की चौथ्या दिवशी कळलं. एक टिंब द्यायचं, पुढे जायचं. स्वल्पविरामासाठी पान थांबवून धरणारा माणूस मी. दोन वर्षं मी प्रत्येक चित्रामागे टिंब देत आलो.

एकदा तू विचारलंस, “वर्णनं लिहितोस ना रे?”

“एकही रकाना रिकामा नसतो,” मी म्हणालो.

वाक्य अचूक होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, हसलास आणि चहा सांगितलास.

तुझ्याकडून मला जे मिळालं तेही नोंदवायला हवं. माझा प्रत्येक लेख तू आधी फोनकडून वाचून घ्यायचास. त्या सपाट, न थकणाऱ्या आवाजात माझी लांबलचक वाक्यं फार वाईट वाटायची. केळीच्या बागेत बाजेवर बसून आपण ती ऐकायचो. “बघ, इथे फोनमधल्या बाईचाही जीव गुदमरला,” तू म्हणायचास. मी वाक्य तोडायचो. माझी वाक्यं लहान झाली ती तुझ्यामुळे. ‘येथे पाहा’ लिहिणं सोडलं, कुठे पाहायचं ते लिहू लागलो, तेही तुझ्यामुळे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या वरिष्ठाने मला इतकं शिकवलं नाही. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू ते त्याच आवाजात मला परत ऐकवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही.

नवव्या दिवशी, बुधवारी, साइटची जबाबदारी घ्यायची म्हणून मी तुझ्या नावाने आत शिरलो. किल्ली, म्हणजे पासवर्ड, तू तुझ्या बायकोकडे, शुभाकडे एका पाकिटात ठेवली होतीस, वर माझं नाव होतं. आत सगळ्या चित्रांची यादी निघाली. प्रत्येकापुढे चित्र कुणी टाकलं, वर्णन काय, आणि ते शेवटचं कुणी बदललं, वेळेसह.

मला टिंबांची रांग दिसेल असं वाटलं होतं. तू गेल्यानंतरच्या दिवसांची दिसलीही. त्याआधीची टिंबं नव्हती.

प्रत्येक वर्णन लिहिलेलं होतं. माझं टिंब नऊ चौदाला, तुझी ओळ नऊ बत्तीसला. माझं टिंब सात पाचला, तुझी ओळ सव्वासातला. मी मागे मागे जात राहिलो. ‘पाण्याची नोटीस. शुक्रवारी दिवसभर पाणी नाही, शनिवारी कमी दाबाने. भरून ठेवा.’ ‘वाढदिवसाचं चित्र. एक मोठा माणूस, भोवती बावीस लहान फोटो, सगळे हसताहेत. बातमी नाही, पुढे जा.’ ‘निधन. आजींचा फोटो, नाकात नथ, कॅमेऱ्यावर रागावलेल्या.’ ‘संपादकांच्या लेखासोबत त्यांचा फोटो. चष्मा कपाळावर. बहुधा तोच शोधताहेत.’

मी हसलो. खोलीत कुणी नव्हतं.

गेल्या गणपतीत आपण बारा दिवस बोलत नव्हतो. शुभेच्छांची ती बंद न होणारी चौकट मी तुला न विचारता परत आणली होती आणि तू फोन उचलणं बंद केलं होतंस. त्या बारा दिवसांची यादी मी वेगळी काढून पाहिली. एकही टिंब शिल्लक नव्हतं.

शुभाला विचारलं. ती म्हणाली, “रोज सकाळी चहा घेताना फोनवर काहीतरी टाइप करत बसायचे, भाऊजी. मी म्हटलं, कामावर जायच्या आधीच काय काम? तर म्हणाले, काम नाही गं, संपादकांचं शुद्धलेखन तपासतोय.”

यादीतली तुझी शेवटची ओळ सोमवार संध्याकाळची आहे, समुद्रात वारा वाढणार असल्याच्या सूचनेची. तिच्यावरची नोंद मंगळवार सकाळची. आठ दहा. काळी चौकट. वर्णन: टिंब. बदल नाही.

तुला सगळं माहीत होतं. आणि दोन वर्षांत तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. का, ते मी शोधतोय. मला लाजवायचं नसेल. किंवा माझ्याशी वाद घालण्यापेक्षा ओळ लिहिणं लवकर होतं, एवढंच असेल. पहिलं कारण मानलं तर तू मोठा होतोस. दुसरं मानलं तर तू माझी आशा सोडली होतीस. पुरावा दोन्हींना सारखाच आहे, आणि ज्याला विचारायचं तो नाही.

दरम्यान बिघाडाचं माझं वाक्य जयवंतीताईंकडून पुढे फिरत होतं. तू शिकवलेल्या माणसांचा फोनवर जो ग्रुप आहे त्यात तू मलाही घातलं होतंस. तिथे विरारच्या एका गृहस्थांचा आवाज आला. “हेमंतने एवढं शिकवलं आपल्याला, आणि ऐन वेळी त्याचीच साइट बंद पडली. यंत्राचा भरवसा नाही हेच खरं. मी तर आता मुलाकडूनच वाचून घेतो बाबा.” खाली तिघांनी होकार दिला होता.

मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. एक माणूस परत घरातल्यांना विचारायला लागला होता, तेही तुझ्यावरचा विश्वास उडाल्यामुळे. खरं सांगावं तर दोन वर्षांची टिंबं सांगावी लागणार. न सांगावं तर बिघाड तुझ्या नावावर कायम राहणार. मी एकीकडून दुसरीकडे जात होतो आणि पुन्हा पहिल्या जागी येत होतो. गुरुवारी सकाळी दहा चित्रं आली. मी दहा टिंबं दिली. यादी पाहिल्यानंतर दिली, हे नोंदवून ठेवतो. शुक्रवारी सकाळीही दिली.

मग रिक्षा केली आणि कळंबला गेलो.

जयवंतीताई ओट्यावर सुकटीतला कचरा निवडत बसल्या होत्या. पावलं ऐकून म्हणाल्या, “खोली नाय आज. दोनी भरल्यात.”

“मी आहे ताई. संपादक.”

“साहेब? बसा. पायरी बघून, तिथं टोपली हाय.”

मी बसलो आणि सांगितलं. टिंबापासून सुरू केलं, यादीपर्यंत आणलं, मग बुधवारच्या फोनवर आलो. त्यांचे हात चालूच होते. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, “तरीच.”

“काय?”

“सकाळी लवकर उघडलं की नुसतं इमेज इमेज करायची. माझा चहा झाला की बोलायला लागायची. मला वाटायचं साइटला उशिरा जाग येते. भाऊंना बोलले पन होते, तुमची साइट आळशी हाय म्हनून.”

“काय म्हणाला?”

“म्हनाले, साइट नाय हो, मी आळशी.” त्यांनी टोपली बाजूला सारली. “त्या मंगळवारी चहा झाला. परत केला, तो झाला. तरी बोलेना. मी दहा वाजेपर्यंत धरून बसलेले साहेब. गास कितीसं लांब? पोचले असते.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही. फोन माझ्यापुढे धरला.

“मला सांगून काय उपयोग? ग्रुपवर सांगा. तुमच्या आवाजात.”

दुरुस्त्या मी जन्मभर छापल्या. चुकीच्या पानापेक्षा लहान अक्षरात, आतल्या पानावर. बोलून एकही दिली नव्हती. मी म्हणालो, हेमंतच्या निधनाच्या दिवशी साइटमध्ये बिघाड झाला होता, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. साइट चालू होती. वर्णन लिहिणं माझं काम होतं, मी ते दोन वर्षं केलं नाही, हेमंत ते माझ्यामागे करत होता. त्या सकाळी तो नव्हता. माझं नाव सांगितलं आणि थांबलो. विरारच्या गृहस्थांनी ते ऐकलं आहे, उत्तर आलेलं नाही. त्यांचा मुलगा अजून वाचून देत असेल.

“आता चित्र सांगा,” जयवंतीताई म्हणाल्या.

मी माझ्या फोनवर तुझी सूचना उघडली आणि नाव, गाव, वेळ वाचायला लागलो.

“ते कळलं मला. फोटोत काय हाय?”

“हेमंत आहे.”

“कसा?”

“पांढरा शर्ट. कानाजवळचे केस पिकलेत. मागे केळीची पानं.”

“हसतात का?”

“हसण्याच्या बेतात आहे.”

“आनि?”

मी फोटो मोठा केला. घाईत तो एका घोळक्याच्या फोटोतून कापून घेतला होता, कडा नीट पाहिल्या नव्हत्या. “डाव्या खांद्यावर एक हात आहे,” मी म्हणालो. “मनगटापर्यंतच. पुढचा कापला गेलाय.”

“कोनाचा?”

घड्याळ ओळखीचं होतं. बातमीत असता तर मी ‘एका परिचिताचा’ लिहून मोकळा झालो असतो.

“माझा.”

“मग लिहा की तसं,” त्या म्हणाल्या. “मी थांबते.”

मी रकान्यातलं टिंब पुसलं आणि लिहिलं. त्यांनी पडद्यावर बोट खाली ओढलं. तो सपाट आवाज ओट्यावर बोलला. हेमंत, गास. पांढरा शर्ट, हसण्याच्या बेतात. डाव्या खांद्यावर संपादकाचा हात. त्यांनी ते पुन्हा लावलं. मग फोन मांडीवर ठेवला.

पलीकडच्या खोलीतून पाहुण्यांनी पाणी मागितलं. जयवंतीताई भिंतीला हात लावून उठल्या.

“भाऊ गेल्यापासनं सगळं तसंच पडलंय साहेब,” म्हणाल्या. “उद्या पानी येनार का नाय, ते पयलं लिहा.”

सकाळची नोटीस मी टिंब देऊनच चढवली होती. ओट्यावर बसल्या बसल्या ती उघडली. कागद वाकडा होता आणि शिक्क्याखालची वेळ लागत नव्हती. मी ती मोठी करून वाचायला लागलो.